पेन्शनमध्ये ‘परिभाषित’ नेमकं काय आहे?

(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं जोडली आहेत.)

समोर जळगावचे श्रोते आहेत, धुळ्याहून गाडी करून आलेले आहेत, भुसावळचे रेल्वेवाले आहेत आणि नेहमीप्रमाणे शिक्षक सगळ्यांत जास्त आहेत. विषय दिला आहे ‘सरकारी नोकरदाराचं निवृत्तीनंतरचं उत्पन्न’. पैसे कुठे ठेवावेत हे आम्ही सांगू, अशी अनेकांची अपेक्षा असणार. शेवटी थोडं सांगूच. पण त्याआधी आम्हाला टीका करायची आहे, आणि ती एकट्या सरकारवर करून भागणार नाही. चार गोष्टी तपासायच्या आहेत : २००५ चा शासन निर्णय, २०२३ ची घोषणा, २०२४ ची तडजोड, आणि चौथी म्हणजे आपली खानदेशातली सवय. चौथीला जरा जास्त वेळ देऊ, कारण पहिल्या तिघींवर बोलणारे पुष्कळ आहेत.

शब्दापासून सुरुवात करू

३१ ऑक्टोबर २००५ चा शासन निर्णय. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पासून, जो राज्याच्या सेवेत लागला त्याला १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू नाहीत. त्याच्यासाठी नवी योजना. तिचं नाव ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’. आपण सगळे तिला डीसीपीएस म्हणतो. हे पूर्ण नाव किती जणांनी सावकाश वाचलं आहे?

परिभाषित म्हणजे ठरवून दिलेलं. काय ठरवून दिलं आहे? अंशदान. तुम्ही किती द्यायचं ते ठरलं : मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या रकमेच्या १० टक्के. सरकारही तेवढंच घालणार. १ एप्रिल २०१९ पासून सरकारचा वाटा १४ टक्के झाला. हे सगळं स्वच्छ ठरलेलं आहे. मिळणार किती, ते मात्र ठरलेलं नाही. नावात ‘निवृत्तिवेतन’ हा शब्द आहे खरा, पण ‘परिभाषित’ हे विशेषण त्याला लागत नाही, अंशदानाला लागतं. व्याकरणाच्या तासाला हा प्रश्न दोन गुणांचा झाला असता. इथे तो पंचवीस-तीस वर्षांच्या म्हातारपणाचा आहे.

म्हणून आम्ही म्हणतो की शासनाने फसवलं असं म्हणण्याआधी नाव वाचा. नाव प्रामाणिक आहे. ते वाचून कोणी समजावून सांगितलं नाही, ही खरी तक्रार आहे.

फरक समजून घेऊ. निवृत्त माणसाच्या डोक्यावर तीन जोखमी असतात. एक बाजाराची : साठवलेला पैसा वाढला किती? दुसरी महागाईची : आजचे वीस हजार पंधरा वर्षांनी किती किमतीचे? आणि तिसरी आयुष्याची. आपण ‘शतायुषी व्हा’ म्हणतो, पण पैशाच्या हिशोबात जास्त जगणं ही जोखीम आहे, कारण पैसा आधी संपू शकतो. जुन्या पेन्शनमध्ये तिन्ही जोखमी सरकारच्या अंगावर होत्या. शेवटच्या पगाराच्या निम्मं, वर महागाईवाढ, आणि जगाल तोवर. नव्या योजनेत तिन्ही जोखमी कर्मचाऱ्याच्या अंगावर आल्या.

यातली तिसरी जोखीम एकट्या माणसाला पेलतच नाही. सरकार लाखो माणसांची सरासरी काढू शकतं. कोणी ६२ व्या वर्षी जाईल, कोणी ९१ व्या, हिशोब जमतो. एकट्या माणसाला सरासरी नसते. आपण ६२ चे की ९१ चे हे त्याला माहीत नसतं, आणि नियोजन मात्र ९१ चं करावं लागतं.

एक साधं गणित

फळ्यावर मांडू. शेवटचं मूळ वेतन ७०,००० रुपये धरा. हिशोब सोपा जावा म्हणून महागाई भत्ता ५० टक्के धरा.

जुन्या पेन्शनवाल्याला ३५,००० मूळ निवृत्तिवेतन, वर १७,५०० महागाईवाढ. एकूण ५२,५००. पुढे दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता वाढला की हेही वाढणार.

नव्या योजनेत त्याच्याच शेजारच्या टेबलावरच्या माणसाची जमा, समजा, ५० लाख झाली. किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी घ्यावीच लागते, म्हणजे २० लाख विमा कंपनीकडे. साडेसहा टक्के दर धरला तर वर्षाला १,३०,०००, महिन्याला सुमारे १०,८३०. उरलेले ३० लाख हातात येतात. ते त्याने कुठेही उधळले नाहीत, वरिष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला २०,५०० पडतात. बेरीज ३१,३३० च्या आसपास. आणि ती तिथेच थांबते. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर पंधरा वर्षांनी या रकमेची खरी किंमत आजच्या १५ हजारांइतकी राहते. त्याचं वय तेव्हा ७३ असेल, म्हणजे औषधांचा खर्च सुरू होण्याचं वय.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नव्या योजनेतल्या माणसाचे ३० लाख त्याच्या नावावर शिल्लक राहतात, ते मुलाबाळांना जातात. जुन्या पेन्शनमध्ये भांडवल असं हातात नसतं, अंशराशीकरण सोडलं तर. आणि ५० लाखांऐवजी जमा ८० लाख झाली तर चित्र बदलतं. पण मुद्दा तोच : ‘तर’ हा शब्द कोणाच्या वाट्याला आला? जुन्या योजनेत तो वित्त विभागाच्या वाट्याला होता, आता घराच्या.

उपकार नव्हे, हक्क

इथे १९८२ ची आठवण काढली पाहिजे. त्याच सालचे महाराष्ट्राचे निवृत्तिवेतन नियम, आणि त्याच सालच्या १७ डिसेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा नाकारा खटल्याचा निकाल. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाचा हा निकाल न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिला. पेन्शन ही मालकाच्या मर्जीची देणगी नाही, केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे आणि म्हातारपणी माणसाला मानाने जगता यावं यासाठी आहे, हा त्याचा गाभा. म्हणून १७ डिसेंबरला पेन्शनर दिन साजरा होतो. धुळ्यात, जळगावात पेन्शनर संघटना त्या दिवशी सत्कार करतात, नारळ-शाल देतात. आमची सूचना एवढीच की त्या दिवशी १९८२ वाल्यांनी २००५ वाल्यांनाही बोलवावं. निकाल दोघांच्याही म्हातारपणाबद्दल आहे.

भुसावळचं उदाहरण

२००५ च्या निर्णयातली सगळ्यांत जड चूक पेन्शनच्या रकमेत नव्हती. ती मृत्यूच्या प्रकरणात होती. भुसावळ घ्या. एकाच गावात केंद्राचे कर्मचारी आहेत आणि राज्याचेही. केंद्राने नवी योजना १ जानेवारी २००४ पासून आणली, राज्याने त्यानंतर बावीस महिन्यांनी. दोघांचाही पगार कापला जात होता, दोघेही ‘नवीन पेन्शनवाले’.

पण केंद्राने मे २००९ मध्ये आदेश काढला की नव्या योजनेतला कर्मचारी सेवेत असताना वारला, तर त्याच्या घरच्यांना जुन्या नियमांप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन द्यावं. म्हणजे रेल्वेतला माणूस गेला तर त्याच्या पत्नीला दरमहा काही येत राहिलं. त्याच गावात राज्याच्या कार्यालयात काम करणारा लिपिक गेला, तर त्याच्या पत्नीला खात्यावरची जमा आणि, २०१८ च्या निर्णयानंतर, दहा वर्षांच्या आत मृत्यू झाला असेल तर दहा लाखांचं सानुग्रह अनुदान. दरमहा येणारं असं काही नाही. राज्याने कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान या कर्मचाऱ्यांना लागू केलं ते ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने. मध्ये चौदा वर्षं गेली, आणि त्यात कोविडची दोन वर्षं आली.

बाजार वर जाईल की खाली, हे धोरण करणाऱ्याला माहीत नसतं, मान्य. पण माणसं नोकरीत असताना मरतात हे २००५ मध्येही माहीत होतं. केंद्राचं उदाहरण २००९ पासून समोर होतं. ही त्रुटी दुरुस्त करायला पैसाही तुलनेने थोडा लागणार होता. ती दुरुस्त झाली संपानंतर. या क्रमाबद्दल राज्याला प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरी मोठी त्रुटी हिशोबाची. अंशदानाची योजना असेल तर हिशोब हाच तिचा प्राण. जुन्या पेन्शनमध्ये पावती उशिरा मिळाली म्हणून काही बिघडत नव्हतं, कारण रक्कम शेवटच्या पगारावर ठरायची. नव्या योजनेत एक महिन्याचा हप्ता उशिरा जमा झाला की त्यावरची पुढची सगळी वाढ बुडते. राज्याची योजना १ एप्रिल २०१५ पासून राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, म्हणजे एनपीएसमध्ये, वर्ग झाली. पण अनेक जिल्हा परिषदांच्या शिक्षकांच्या बाबतीत खाती उघडणं, जुनी जमा वर्ग करणं, सरकारचा वाटा जुळवणं हे वर्षानुवर्षं रेंगाळलं. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे हप्ते टियर-२ मध्ये टाकले, त्यांचा हिशोब वेगळा. जोखीम कर्मचाऱ्याकडे दिली आणि वही कार्यालयात राहिली. आम्हाला ही रचना मुळात न पटणारी वाटते. ज्याने जोखीम घ्यायची, त्याच्या हातात वही पाहिजे.

‘एकच मिशन’

आता आंदोलनाकडे. १४ मार्च २०२३ ला संप सुरू झाला, २० मार्चला मिटला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. घोषणा म्हणून फार चांगली. तोंडात बसते, मोर्चात चालते. जळगाव-धुळ्याचे कर्मचारी त्यात होते, इथे बसलेलेही काही होते. तिच्या मुळाशी असलेली मागणी, म्हणजे मिळणारी रक्कम ठरलेली असावी, ही आम्हाला न्याय्य वाटते. आणि विधानसभेचा एक कार्यकाळ केलेल्या माजी आमदाराला दरमहा ५० हजार निवृत्तिवेतन मिळत असताना, ठरलेली पेन्शन राज्याला परवडत नाही हे वाक्य ऐकून घेणं कर्मचाऱ्याला जड जाणार, हेही खरं.

पण घोषणेची तपासणी करायची तर तीन गोष्टी तिच्यात नाहीत.

पहिली, साल. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुन्या पेन्शनमुळे १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल असं सांगितलं. हा आकडा टाळ्या आणि शिव्या दोन्ही मिळवून गेला. पण कोणत्या साली, हे त्यात कोणी ऐकलं नाही. नोव्हेंबर २००५ ला पंचविसाव्या वर्षी लागलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३८ मध्ये निवृत्त होतो. खरा भार तिथून पुढे आहे. उलट जुनी पेन्शन आज परत आणली तर सरकारचे १४ टक्के आजपासून वाचतात. म्हणजे आजच्या मंत्रिमंडळाला बचत आणि २०४० च्या मंत्रिमंडळाला बिल. राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल यांनी २०२२-२३ मध्ये घोषणा केल्या, त्यात हा मोह नव्हता असं म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनमधल्या अभ्यासाने जुन्या पेन्शनचा एकूण भार एनपीएसच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो असं मांडलं. या अंदाजावर वाद घाला, जरूर घाला. पण ‘सरकारला आज परवडतं’ हे उत्तर पुरेसं नाही. २०४० मध्ये कर भरणारे आपलीच पोरं आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना सरकारी नोकरी नसणार.

दुसरी, बाहेर राहिलेले. अंगणवाडी सेविका, आशा, कंत्राटी आरोग्यसेवक, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. यावल-रावेरच्या केळीच्या बागेतल्या मजुराची तर गोष्टच काढायला नको. ‘एकच मिशन’ म्हणताना त्या ‘एका’त ही माणसं नव्हती. उपकेंद्रात एकाच खोलीत काम करणाऱ्या दोघींपैकी एकीसाठी संप होता.

तिसरी, तारीख. राज्याने २ फेब्रुवारी २०२४ ला निर्णय काढला की जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल आणि नेमणूक नंतरची असेल तर जुन्या पेन्शनचा पर्याय एकदा देता येईल. ज्यांना मिळालं त्यांचं अभिनंदन. पण एका शिक्षककक्षात ऑक्टोबरच्या जाहिरातीवाले आणि डिसेंबरच्या जाहिरातीवाले असे दोन वर्ग झाले. संघटनेची ताकद त्यानंतर किती राहिली, ते संघटनेतल्यांनाच विचारा.

तडजोड : निम्मं, पण कोणाला?

केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ ला एकीकृत निवृत्तिवेतन योजना, यूपीएस, मंजूर केली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली. केंद्रात ती १ एप्रिल २०२५ पासून सुरू झाली. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, महागाईवाढ, पश्चात जोडीदाराला त्याच्या ६० टक्के, दहा वर्षं सेवेला किमान १०,०००. तत्त्व म्हणून आम्ही याचं स्वागत करतो. जोखीम वाटून घेतली आहे : कर्मचाऱ्याचं अंशदान चालू, रकमेची हमी सरकारची. वीस वर्षांपूर्वीच हे सुचायला हवं होतं.

आता अट वाचा. पूर्ण ५० टक्क्यांसाठी सेवा २५ वर्षं. कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. महाराष्ट्रात खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांची ४३, आणि बहुतेकांची निवृत्ती ५८ ला. अडतिसाव्या वर्षी लागलेल्याची सेवा होते २० वर्षं. केंद्राच्या सूत्राने ५० ऐवजी ४० टक्के. त्रेचाळिसाव्या वर्षी लागलेल्याची १५ वर्षं, ३० टक्के. लोक इतक्या उशिरा का लागतात? आळसाने नव्हे. शिक्षकभरती २०१२ पासून जवळपास ठप्प होती, पवित्र पोर्टलमधून २०१९ मध्ये नेमणुका झाल्या. शिरपूर, साक्री, चोपड्याची पोरं डी.एड. करून सात-आठ वर्षं बसली. त्यावर तीन वर्षं शिक्षणसेवक, तुटपुंज्या मानधनावर, ज्यातून अंशदानही कापलं जात नाही. सरकारने भरती थांबवली, आणि थांबवलेली वर्षं आता पेन्शनच्या टक्क्यांतून वजा होतात. आणि वयाची सवलत ज्याला दिली, त्याचीच वजाबाकी सर्वांत मोठी. या मुद्द्यावर मोर्चा निघालेला आम्ही पाहिला नाही. निघायला हवा होता.

म्हणून राज्याच्या निर्णयांतला कोणताही पर्याय हातात आला की पहिली नजर ‘अर्हताकारी सेवा’ या शब्दांवर टाका, टक्क्यांवर नंतर. केंद्रालाही पर्याय देण्याची मुदत २०२५ मध्ये दोनदा वाढवावी लागली. लोक घाईने सही करायला तयार नाहीत, याचा आम्हाला आनंद आहे.

आणि आपण?

आता चौथी गोष्ट. ही जरा घरची आहे, राग मानू नका.

खानदेशात निवृत्तीचं नियोजन तीन शब्दांत होतं : प्लॉट, सोनं, पतसंस्था. जळगावचं सोनं प्रसिद्ध आहे, त्यावर बोलून आम्ही वैर ओढवून घेत नाही. प्लॉटबद्दल एवढंच की प्लॉट दरमहा किराणा आणून देत नाही. ७० व्या वर्षी तो विकायला निघालात की कळतं, त्याच्या उताऱ्यावर किती नावं आहेत आणि त्यांतली किती पुण्यात राहतात.

पण पतसंस्थेबद्दल बोललंच पाहिजे. हा सहकाराचा मुलूख. ‘ग. स.’ म्हटलं की जळगावात आणि धुळ्यात सरकारी नोकराला वेगळं सांगावं लागत नाही. लग्न, घर, दवाखाना, सगळ्याला तिथलं कर्ज कामी आलं. ग. स. च्या निवडणुकीत जितके पॅनल उभे राहतात, जितकी पत्रकं निघतात, तितका अभ्यास कर्मचाऱ्यांनी पेन्शनच्या निर्णयाचा केला असता तर आजचं व्याख्यान लागलंच नसतं.

सवय अशी झाली की सहकारी नाव दिसलं की विश्वास बसतो, आणि अर्धा टक्का जास्त दिसला की निवृत्तीची रक्कम तिकडे जाते. जळगावातच मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्य पतसंस्थेचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. २०१५ मध्ये अवसायक नेमावा लागला, राज्यभरचे ठेवीदार पुढे वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. त्यांत निवृत्त माणसं होती. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून पाच लाखांपर्यंत मिळतात. पतसंस्थेला ते कवच नाही. ही एक ओळ प्रत्येक निवृत्ती समारंभात श्रीफळाबरोबर द्यावी असं आम्हाला वाटतं.

टीका अशी आहे : एनपीएसमधल्या १५ टक्के शेअरला आपण ‘जुगार’ म्हणालो, आणि हातात आलेले ३० लाख कागद न वाचता एका सहीवर दिले. बाजाराची भीती वाटते, ओळखीच्या माणसाची वाटत नाही. जुन्या पेन्शनच्या काळात ही सवय झेपत होती. ठेव बुडाली तरी पहिल्या तारखेला पेन्शन येत होती. २००५ नंतरच्या माणसाकडे पहिल्या तारखेचा आधार पातळ आहे. त्याला ती चूक परवडणार नाही.

तेव्हा थोडं कामाचं सांगतो आणि थांबतो. आपल्या प्राण खात्याचं विवरण दर वर्षी काढा आणि पगारपत्रकाशी महिना-महिना जुळवा. तफावत दिसली की आहरण व संवितरण अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. नामनिर्देशन तपासा, लग्नाआधी लागलेल्यांच्या कागदावर अजून आईचंच नाव असतं. ॲन्युइटी घेताना जोडीदाराला पुढे चालू राहणारा प्रकार विचारा, दर थोडा कमी मिळतो पण पश्चात घर चालतं. वरिष्ठ नागरिक बचत योजनेसाठी साठ वर्षांची वाट पाहावी लागत नाही : सेवानिवृत्त झालेल्याला ५५ नंतरही निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं, मर्यादा ३० लाख. आपल्याकडे निवृत्ती ५८ ला, त्यामुळे हे लक्षात ठेवाच. आणि निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने कोणालाही जामीन राहू नका, पाहुणा असो की साहेब.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक शिक्षक : सर, पर्याय द्यायचा आहे. एका वाक्यात सांगा, एनपीएस की यूपीएस?*

एका वाक्यात सांगणाऱ्यापासून जपा, आमच्यापासूनसुद्धा. चार गोष्टी कागदावर लिहा : निवृत्तीच्या दिवशी तुमची अर्हताकारी सेवा किती, जोडीदाराचं वय किती आणि तिला किंवा त्याला स्वतःची पेन्शन आहे का, आजची जमा किती, आणि पर्याय दिल्यावर त्या जमेचं काय होणार. सेवा २५ च्या पुढे आणि जोडीदार वयाने लहान, स्वतःचं उत्पन्न नसलेला, तर हमीची बाजू जड. सेवा पंधरा-सोळाच वर्षं आणि जमा चांगली, तर आकडे मांडल्याशिवाय सही करू नका.

*एसटीतले एक चालक : आम्ही सरकारी की नाही ते कोणी सांगत नाही. आमचं काय?*

तुमची पेन्शन भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून. तिथे पेन्शनपात्र वेतनाची मर्यादा १५,००० रुपये, गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पस्तीस वर्षं धरली तरी ७,५०० होतात. २०१४ च्या आधीच्या सेवेला मर्यादा कमी असल्याने हातात त्याहून कमीच येतात, आणि महागाईवाढ नाही. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वर अडकली आहे. सरकारी कर्मचारी ज्या हमीसाठी भांडतात, तिच्या जवळपासही तुम्ही नाही. म्हणून आम्ही मघाशी ‘बाहेर राहिलेले’ म्हणालो. तुमच्या निधीची रक्कम निवृत्तीला एकदम हातात येईल, तिचाच पगार करावा लागेल. ती मुलाच्या धंद्यात एकरकमी घालू नका.

*एक निवृत्त मुख्याध्यापिका : मला जुनी पेन्शन आहे. सून एनपीएसमध्ये आहे. ती म्हणते, मुलं बघतील की. तिला काय सांगू?*

ताई, तुम्हाला मुलं बघतात का, हे आम्ही विचारत नाही. बघत असतील आणि देव करो ती बघत राहोत. पण घरात दर महिन्याला तुमच्या नावाचे पैसे येतात, म्हणून नातवाला खाऊ तुम्ही देता, दवाखान्यात जायचं की नाही हे तुम्ही ठरवता, कोणाकडे हात करावा लागत नाही. सुनेला आकडे नका दाखवू. तुमचं पासबुक दाखवा, पहिल्या तारखेची नोंद दाखवा, आणि विचारा की तुझ्या पासबुकात ही ओळ कुठून येणार. उत्तर शोधायला तिच्या हातात अजून वीसेक वर्षं असतील. आजपासून शोधायला बसली तर पुरेशी आहेत.